मातीत टिकणाऱ्या लोखंडाचा माणूस : लक्ष्मणराव किर्लोस्कर

नाशिक, प्रतिनिधी - शहरातून गंगापूर धरणाच्या दिशेने निघाले, की सपाट जमीन हळूहळू संपते. द्राक्षमळे, फार्महाऊस, वाइनरींच्या भोवतीची हिरवळ हे सारे चढउतारावर वसलेले दिसते. पुढे त्र्यंबक, पेठ, सुरगाणा आणि इगतपुरीकडे तर जमीन म्हणजे डोंगराची उतरणच. अशा ठिकाणी छोटा ट्रॅक्टर किंवा बसून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र घेणाऱ्या ग्राहकाच्या मनात अश्वशक्ती आणि किमतीच्याही आधी तीन प्रश्न असतात. हे यंत्र उतारावर उलटणार तर नाही ना? किती वर्षे टिकेल? आणि एखादा भाग झिजला, तर तो नाशिकात मिळेल की कुठून तरी मागवावा लागेल?

हे प्रश्न नवे वाटतात, पण ते महाराष्ट्राच्या शेतकऱ्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी विचारले होते. तेव्हा ते ट्रॅक्टरविषयी नव्हते, लोखंडी नांगराविषयी होते. त्यांची उत्तरे ओतशाळेत शोधण्यात ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे घातली तो माणूस म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. उद्योगसमूहाचे संस्थापक म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मात्र यंत्राचा टिकाऊपणा नेमका कशात असतो, याविषयी त्यांनी काय शिकले आणि ते किती महाग पडले, ही कहाणी त्या मानाने कमी सांगितली जाते.

रंग ओळखू न येणारा चित्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी रंगभूमीवर संगीत नाटक रुजविणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे आणि याच कुळातले. त्यामुळे किर्लोस्कर हे नाव निघाले, की जुन्या पिढीतील काहींना आधी सौभद्र आठवते आणि मग नांगर. घरची परंपरा विद्वत्तेची होती, यंत्रांची नव्हती. लक्ष्मणरावांचे मन मात्र शाळेच्या पुस्तकात रमेना. त्यांना चित्रे काढायला आणि वस्तू उघडून पाहायला आवडत असे.

१८८५ मध्ये ते मुंबईला गेले आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे दोन वर्षे काढल्यावर त्यांच्या दृष्टीत अंशतः रंगांधत्व असल्याचे आढळले. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणासाठी हा निकाल कठोर होता. परंतु रेघ, माप आणि प्रमाण यांची त्यांची जाण उत्तम होती. रंगांशिवाय चालते अशी चित्रकला म्हणजे यंत्रांची आरेखने. ती त्यांनी आत्मसात केली आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना सहायक शिक्षकाची नोकरी मिळाली.

कार्यशाळेतील यंत्रे हाताळता हाताळता ते स्वतःच शिकत गेले. दरम्यान मुंबईत सायकली आल्या होत्या. लक्ष्मणरावांनी त्या विकत घेऊन बेळगावला थोरले बंधू रामुअण्णा यांच्याकडे पाठवायला सुरुवात केली. १८८८ मध्ये बेळगावात सुरू झालेले हे सायकलींचे दुकान म्हणजेच किर्लोस्कर बंधू या नावाचा प्रारंभ. त्या काळी एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये होती आणि ती चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये घेतले जात. सायकल ही श्रीमंतांची हौस होती. पण ती बिघडत असे, तिचे भाग बदलावे लागत आणि गिऱ्हाईक दुकानात परत येत असे. विक्रीनंतरचे हे दुसरे नाते भावांना तेथेच कळले असावे. पुढच्या सगळ्या व्यवहारात ते दिसत राहिले.

१८९७ च्या सुमारास संस्थेत बढतीची संधी आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. पस्तीशीही न गाठलेल्या, घरसंसार असलेल्या माणसाने पगार सोडून कारखाना काढायचा, तोही अशा गावात जिथे कारखाना म्हणजे काय हे फारसे कुणी पाहिले नव्हते. या निर्णयाला धाडस म्हणायचे की हट्ट, हे ज्याने त्याने ठरवावे.

कडब्यापासून फाळापर्यंत

बेळगावात आधी पवनचक्क्यांची एजन्सी घेऊन पाहिली. मग जनावरांसाठी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. हे यंत्र शेतकऱ्याला पटवून द्यावे लागले तरी त्याचा उपयोग लगेच डोळ्यांना दिसे. अखंड कडबा टाकला, तर जनावरे त्यातला बराचसा तुडवून वाया घालवतात. तोच बारीक कापून दिला, तर संपतो. या यंत्राने कारखान्याचे पाय थोडेफार रोवले. पण लक्ष्मणरावांचे लक्ष लागले होते ते नांगराकडे.

दख्खनच्या काळ्या, चिकट जमिनीत हराळी आणि कुंदा यांची मुळे खोलवर जातात. लाकडी नांगराने जमीन फाटते, पण पलटत नाही. ती खोल फाडायची तर जड नांगर लागतो आणि त्याला दोन-तीन बैलजोड्या जुंपाव्या लागतात. इंग्लंडहून येणाऱ्या लोखंडी नांगराला वक्र पंखा असे. फाळाने कापलेला मातीचा थर पंख्यावर चढून उलटा पडत असे आणि तणांची मुळे उन्हात येत असत. किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास अशाच बनावटीचा लोखंडी नांगर येथल्या बैलांच्या ताकदीचा आणि येथल्या मातीचा विचार करून तयार केला.

नांगर तयार झाला आणि तसाच पडून राहिला. लोखंडाने जमीन नासते, माती विषारी होते, अशी शेतकऱ्यांची ठाम समजूत होती. या समजुतीला हसण्याचे कारण नाही. अमेरिकेत १७९७ मध्ये चार्ल्स न्यूबोल्ड याने ओतीव लोखंडाचा नांगर केला, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनाही हीच भीती वाटली होती आणि त्याचाही नांगर खपला नव्हता. ज्या अवजारावर वर्षाचे पीक अवलंबून असते, ते बदलताना शेतकरी सावध असतो. चूक झाली, तर ती दुरुस्त करायला पुढचा हंगाम उजाडावा लागतो. पहिले नांगर खपायला किर्लोस्कर बंधूंना सुमारे दोन वर्षे लागली. गावोगावी नांगर नेऊन, स्वतः शेतात उभे राहून, बैल जुंपून दाखवावे लागले. एका शेतकऱ्याच्या शेतातील पीक शेजाऱ्याने पाहिले, की मग पुढचे काम सोपे होत असे.

शंका फक्त विषाची नव्हती. त्याहून अवघड शंका झिजेची होती, आणि तिच्यापुढे केवळ बोलून भागत नाही.

कठीण आणि तरीही न तुटणारे

लाकडी नांगराचा फाळ बोथट झाला, तर गावचा लोहार तो भट्टीत तापवून, ठोकून पुन्हा धारदार करून देत असे. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा फाळ ठोकता येत नाही, तो तडकतो. तो मऊ ठेवला, तर मुरमाड जमिनीत बघता बघता झिजतो आणि कठीण केला, तर दगडावर आपटून तुटतो. नांगर ओढणाऱ्या बैलाच्या दमापासून तासाच्या खोलीपर्यंत सगळे या हातभर तुकड्यावर ठरते. आजच्या गवत कापण्याच्या यंत्रात पात्यांचे जे स्थान, तेच नांगरात फाळाचे.

यावरचा उपाय ओतकामाच्या एका युक्तीत होता. वितळलेले लोखंड नेहमी वाळूच्या साच्यात ओततात. तेथे ते सावकाश निवते. त्याच साच्यात जेथे कठीण पृष्ठभाग हवा, तेथे थंड लोखंडाची पट्टी बसवली, तर तिला टेकलेला रस झटकन निवतो आणि तेवढाच भाग अतिशय कठीण बनतो. बाकीचा भाग त्या मानाने मऊ राहतो. इंग्लंडमधील इप्सविच येथील रॉबर्ट रॅन्सम याने १८०३ मध्ये या पद्धतीच्या फाळाचे पेटंट घेतले होते. त्याच्या फाळाची खालची बाजू कठीण आणि वरची मऊ असे. वरची बाजू आधी झिजत असल्याने धार आपोआप टिकून राहत असे. झिजेलाच कामाला लावण्याची ही कल्पना आजही थक्क करते.

येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. याच रॅन्सम घराण्याच्या कारखान्याने १८३२ पासून एडविन बडिंग याने शोधलेले हिरवळ कापण्याचे यंत्र बनवायला घेतले. नांगर करणाऱ्यांनीच गवत कापण्याचे यंत्रही करावे, हे पुढे अमेरिकेतही घडले. तेथे १८३७ मध्ये लोहार जॉन डीअर याने चिकट मातीत न अडकणारा गुळगुळीत पोलादी नांगर केला आणि त्याच्या नावाच्या कंपनीने १९६३ मध्ये घराच्या आवारात चालवण्याचा छोटा ट्रॅक्टर बाजारात आणला. नाशिकच्या एखाद्या टेकडीवरील हिरवळीवर फिरणाऱ्या यंत्राचे कूळ असे शेवटी नांगराच्या फाळाशी जाऊन भिडते.

किर्लोस्करांकडे इंग्लंड-अमेरिकेतील कारखान्यांसारखी प्रयोगशाळा नव्हती. परदेशी पुस्तके व मासिके, स्वतःचे हात आणि नापास झालेल्या ओतकामाचा ढीग ही त्यांची साधने. यंत्र विकल्यानंतर ते शेतात तुटले, तर दोष शेतकऱ्याचा न मानता आपल्या ओतकामाचा मानायचा, ही शिस्त अशाच कारखान्याला परवडत नाही आणि अशाच कारखान्याला ती टाळताही येत नाही. विलायती नांगराचा फाळ गेला, तर नवा जहाजाने येईपर्यंत हंगाम निघून जात असे. किर्लोस्करांचा फाळ रेल्वेने काही दिवसांत येऊ शकत होता. परदेशी मालाच्या तुलनेत देशी नांगराचे खरे बळ किमतीपेक्षा या ठिकाणी होते.

निवडुंगाचे माळरान

कारखाना रांगेला लागत असतानाच बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी ती जागा हवी झाली आणि किर्लोस्करांना जागा सोडावी लागली. नव्या जागेसाठी हाताशी पैसा नव्हता. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना औंधमध्ये सभामंडपाचे काम दिले. ते काम संपताना राजेसाहेबांनी त्यांना आपल्या संस्थानात कारखान्यासाठी जागा देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. कुंडल रोड नावाच्या रेल्वे स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन लक्ष्मणरावांनी पसंत केली.

ही निवड पाहणाऱ्याला वेडेपणाची वाटावी अशीच होती. माळरानावर निवडुंग माजलेला, पाण्याचा ठणठणाट आणि सापांचा सुळसुळाट. पण रुळ शेजारून जात होते. कच्चा माल आत आणायचा आणि नांगर, फाळ बाहेर पाठवायचे, तर याहून मोठी सोय नव्हती. १० मार्च १९१० रोजी तेथे वस्तीला प्रारंभ झाला. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव व त्यांच्या पत्नी राधाबाई त्या माळावर राहायला गेल्या. कालांतराने स्टेशनाचे नावही किर्लोस्करवाडी झाले.

माणसे निवडण्याची त्यांची रीत यंत्राच्या भागांच्या निवडीसारखी होती. पदवी कोणती हे न पाहता माणूस कोणत्या जागी नीट बसेल, हे ते पाहत. शंभुअण्णा जांभेकर यांचे शालेय शिक्षण बेताचे, पण यंत्रे त्यांना वश होती. मंगेशराव रेगे यांनी हिशेब सांभाळले. के. के. कुलकर्णी हेही त्यांच्या सहकाऱ्यांपैकी होते. रामुअण्णांनी वस्तीची घडी बसवली. गुन्हेगार म्हणून समाजाने वाळीत टाकलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहारेकऱ्याची कामे दिली. अस्पृश्यतेला त्यांनी किर्लोस्करवाडीत थारा दिला नाही. तो काळ लक्षात घेता ही गोष्ट कारखाना उभा करण्याइतकीच अवघड होती.

पहिले महायुद्ध १९१४ मध्ये सुरू झाले आणि दोन गोष्टी एकदम घडल्या. परदेशी नांगर येणे थांबल्याने किर्लोस्करांच्या नांगरांना मागणी वाढली, आणि लोखंड व कोळसा मिळणे थांबल्याने तेच नांगर बनवणे जवळपास अशक्य झाले. भट्टीसाठी दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळसा वापरून पाहण्यात आला. लोखंड मिळावे म्हणून मोडीत निघालेल्या वस्तूंचा शोध सुरू झाला. कोल्हापूरचे शाहू छत्रपती यांनी आपल्या संस्थानातील जुन्या, निकामी तोफा वितळवायला दिल्या. एके काळी किल्ल्यावर गर्जणारे ते लोखंड फाळ होऊन शेतात गेले. या घटनेचे वर्णन काव्यमय वाटते, पण ओतकाम करणाऱ्याला ते तसे नव्हते. प्रत्येक मोडीचे लोखंड निराळ्या गुणांचे असते आणि त्यातून एकसारखा टिकणारा फाळ काढणे ही डोकेदुखी असते. नांगराची पत खाली येऊ न देता ही वर्षे निभावणे, ही किर्लोस्करांच्या आयुष्यातली बहुधा सर्वांत अवघड परीक्षा.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतण्या शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केले. प्रारंभी त्याचा हेतू कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवणे हा होता. पुढे त्याचे मराठीतील महत्त्वाच्या मासिकात रूपांतर झाले. नांगराच्या जोडीला ऊस गाळण्याचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप आले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ मध्ये यंत्रशास्त्राची पदवी घेऊन परतले आणि धंद्याचा पुढचा विस्तार त्यांच्या हातून झाला. नांगर करणाऱ्या घराने पंप आणि इंजिने करावीत, यात काही आश्चर्य नाही. जमीन खोल नांगरली, की तिला पाणी हवे असते.

उताराचे गणित

डोंगरउतारावरच्या शेतकऱ्यासाठी नांगराची निवड आणखी एका कारणाने बिकट असते. साधा पंख्याचा नांगर माती एकाच बाजूला, सहसा उजवीकडे टाकतो. उताराला आडवे नांगरताना जाताना माती खाली पडते आणि परत येताना तीच माती चढाकडे टाकावी लागते, तेव्हा ती घसरून पुन्हा तासात येते. उतारावर वरून खाली नांगरले, तर पहिल्याच पावसात तासांचे ओहोळ होतात आणि माती बांधाबाहेर जाते. यावर उपाय म्हणजे तासाच्या टोकाला पोहोचल्यावर पंखा दुसऱ्या बाजूला फिरवता येईल असा नांगर. त्याने जातानाही आणि येतानाही माती एकाच बाजूला पडते. अशा फिरत्या पंख्याच्या नांगरांची दख्खनेत चांगली चलती झाली. इगतपुरी किंवा त्र्यंबकच्या पट्ट्यात जेथे नागली-वरई उतारावर आणि भात त्याखालच्या खाचरात असतो, तेथे जड लोखंडी नांगर ओढणे बैलांना झेपणारे नसते, हेही तितकेच खरे. निफाडच्या काळ्या रानात जे अवजार उत्तम, ते सुरगाण्याच्या उतारावर निरुपयोगी ठरू शकते. वेगवेगळ्या जमिनींसाठी वेगवेगळ्या आकाराचे आणि वजनाचे नांगर लागतात ते यामुळेच.

आज बैलाच्या जागी इंजिन आले आणि उताराचे गणित उलटे झाले. नांगर उताराला आडवा चालवायचा असतो. बसून चालवायच्या गवत कापणी यंत्राला मात्र आडवे जाणे धोक्याचे, ते सरळ वर-खाली चालवावे लागते. अशा बहुतेक यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत पंधरा अंशांहून अधिक उतारावर ते नेऊ नये, अशी सूचना असते. पंधरा अंश म्हणजे शंभर फूट आडव्या अंतरात साधारण सत्तावीस फूट चढ. डोळ्यांना हा उतार किरकोळ वाटतो आणि तेथेच फसगत होते. म्हणून चढउताराच्या आवारासाठी यंत्र निवडताना ते जमिनीलगत आहे का, दोन चाकांमधील अंतर पुरेसे आहे का, वजन दोन्ही बाजूंना सारखे आहे का आणि उलटल्यास चालकाला वाचवणारी कमान व पट्टा आहे का, हे पाहावे लागते. ओल्या गवतावर किंवा सैल मुरमावर चारही चाकांना ताकद मिळणारे यंत्र बरे पडते. पावसाळ्यात उतारावर यंत्र न उतरवणे हे सर्वांत बरे. द्राक्षबागेत दोन ओळींमधून जाणारा अरुंद ट्रॅक्टर घेणाऱ्यांनाही हेच लागू पडते. अरुंद यंत्र ओळीत बसते, पण अरुंद असल्यामुळेच ते कलंडायला सोपे असते. चाकांवर लोखंडी वजने बसवणे किंवा टायरमध्ये पाणी भरणे हे उपाय शेतकरी करतात, आणि ते योग्यही आहेत.

टिकाऊपणाची परीक्षा मात्र लक्ष्मणरावांच्या काळासारखीच राहिली. यंत्र किती जाड पत्र्याचे आहे, यापेक्षा झिजणारे भाग सहज बदलता येतात का, ते बदलणारा कारागीर जवळ आहे का आणि बनवणारा पाच वर्षांनी सापडेल का, हे महत्त्वाचे. पाती, पट्टा, बेअरिंग, क्लच यांतील काहीही नाशिकच्या बाजारात न मिळाल्यास उत्तम बनावटीचे परदेशी यंत्रही पावसाळ्यात शेडमध्येच उभे राहते. त्यातून झुडपे वाढलेल्या मुरमाड आवारात हिरवळीसाठी बनवलेले नाजूक यंत्र नेणारा ग्राहक, फाळाच्या कठीणपणाकडे न पाहता नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याचीच चूक करतो.

आग आणि पुन्हा उभारणी

लक्ष्मणरावांच्या उत्तरायुष्यात उद्योगाच्या शाखा दूरवर पसरल्या. हरिहर येथे १९४१ मध्ये म्हैसूर किर्लोस्करचा यंत्रनिर्मितीचा कारखाना उभा राहिला. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिन्सचा आणि बंगळूर येथे विजेच्या यंत्रांचा कारखाना निघाला. वयोमानानुसार लक्ष्मणराव प्रत्यक्ष कामातून दूर झाले होते. परंतु सर्वांत मोठा आघात त्यांना नंतर सोसावा लागला. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. ज्या माळावर निवडुंग तोडून वसाहत वसवली, तेथील ओतशाळा आणि कार्यशाळा जळताना पाहण्याची वेळ ७८ वर्षांच्या संस्थापकावर आली. हा घाव कसा सोसला असेल, याची कल्पना करणे कठीण आहे. पुढे कारखाना पुन्हा उभा राहिला आणि कामाला लागला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या सन्मानार्थ तिकीट काढले.

त्यानंतर १९७० च्या दशकात किर्लोस्करांचे नाव नाशिकशी आणखी एका मार्गाने जोडले गेले. जर्मनीच्या डॉइट्झ कंपनीच्या सहकार्याने किर्लोस्कर ट्रॅक्टर्सचा कारखाना नाशिकला उभा राहिला. या ट्रॅक्टरचे इंजिन हवेने थंड होणारे होते. त्याला रेडिएटर नव्हता, त्यामुळे पाणी भरण्याची, ते आटण्याची वा गळण्याची चिंता नव्हती. उन्हाळ्यात पाण्याची मारामार असलेल्या भागात ही सोय छोटी म्हणता येणार नाही. तरीही हे उत्पादन बाजारातील स्पर्धेत टिकले नाही आणि पुढे ते बंद पडले. कारखाना गेला, की त्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे काय, हा प्रश्न मालकांपुढे उभा राहिला, आणि जुन्या यंत्रांना जिवंत ठेवण्याचे काम शेवटी गावोगावच्या मेकॅनिकांकडे आले.